उसनी अळणी

धाकट्या खारीत गेल्या सहा महिन्यांत एकही भांडण झालं नव्हतं, आणि ही गोष्ट खटकली ती गावातल्या एकट्या वेडीला.

वेडी म्हणजे हेमलता घरत. गाव तिला तोंडावर हेमाताई म्हणायचं आणि पाठीमागे वेडी. त्यात कुणाच्या मनात फारसं वाईट नसायचं. पंचविसाव्या वर्षी तिने अकरा दिवस डोळ्याला डोळा न लावता घराच्या सगळ्या भिंती निळ्या रंगवल्या होत्या, शेजाऱ्यांच्याही दोन रंगवल्या होत्या, आणि समुद्र आपल्याशी बोलतो म्हणून सांगत फिरली होती. त्यानंतरचे चार महिने ती अंथरुणातून उठली नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, द्विध्रुवी विकार. कधी मन आभाळाला, कधी पार तळाला. लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली होती. या सत्तावीस वर्षांत रोज सकाळी तिचा थोरला भाऊ जनार्दन दोन गोळ्या तिच्या हातावर ठेवायचा, ती गिळेपर्यंत समोर उभा राहायचा आणि मग म्हणायचा, "जीभ दाखव."

जनार्दनची बायको कधीच गेली, मुलगी लग्न होऊन दुबईला. घरात उरली ही दोघं. तो मिठागराचा मुकादम, आणि रागाचा म्हणाल तर जमदग्नी. वाफ्यात कुणी फावडं वाकडं मारलं तर त्याचा आवाज तीन वाफे ओलांडून जायचा. हेमलता त्याला म्हणायची, "दादा, माझ्यासाठी गोळी हाय, तुझ्यासाठी शोधली पायजे कुणीतरी." म्हणताना हसायची. आता ते आठवलं की तिला कसंतरी व्हायचं.

तीन वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी एका कंपनीचा प्रकल्प आला. मिठागरात मीठ जमून झालं की वाफ्यात थोडं कडू पाणी उरतं. पिढ्यानपिढ्या ते खाडीत सोडून देत आले. पण त्या कडू पाण्यात समुद्राचं लिथियम गोळा होऊन बसलेलं असतं, अगदी थोडं, पण जगभरच्या बॅटऱ्यांना हवं असलेलं. कंपनीकडे एक पडदा होता, कागदासारखा पातळ, ज्याची भोकं इतकी बारीक की त्यातून लिथियमचे कण तेवढे पलीकडे जायचे. एका नळीतून लिथियम, दुसऱ्या नळीतून गोडं पाणी. हे गोडं पाणी कंपनीने गावाला फुकट दिलं. ज्या गावाने जन्मभर मचूळ विहिरीचा चहा प्यायला, त्याला हे पाणी म्हणजे अमृतच वाटलं. विहिरी बुजवल्या. नळाला एक मीटर लावला. पाणी शुद्ध असलं की हिरवा दिवा. तो दिवा तीन वर्षांत कधी विझला नव्हता.

दिवाळीनंतर शेजारच्या यमूच्या आणि सरपंच भगवानच्या घराचं कुंपणावरून पंधरा वर्षं चाललेलं भांडण एका सकाळी आपोआप मिटलं. पोरं रडायची कमी झाली. कंपनीला आणखी चाळीस वाफे द्यायला जनार्दनने तीन सभांत आरडाओरडा करून विरोध केला होता; पौषात त्याने त्याच कागदावर सही केली आणि घरी येऊन शांतपणे जेवला. हेमलताने विचारलं तर म्हणाला, "जाऊ दे गो. काय करायचंय भांडून."

एवढंच असतं तर ती गप्प बसली असती. पण त्याच जेवणात भात तोंडाशी नेताना दादाचा हात थरथरला. बारीक, पटकन, अंगठ्यापासून सुरू होणारी थरथर. ती हेमलताच्या ओळखीची होती. पहिल्या वर्षी तिच्याही हाताला तीच होती, सुईत दोरा जात नव्हता. मग ती बघायलाच लागली. दुकानात माणसं चिल्लर सांडायची. सगळ्यांना तहान फार. आणि एके दिवशी यमू धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "हल्ली तोंडाला पत्र्याची चव येते, तुला येते का गो?"

"सत्तावीस वर्षं येतेय," हेमलता म्हणाली.

दर तीन महिन्यांनी तिची रक्ततपासणी असायची. तिचा आकडा कायम शून्य पूर्णांक सात. एकाच्या वर गेला तर काळजी, दीडच्या वर विष. फेब्रुवारीत आकडा आला एक पूर्णांक एक.

"चुकून दुप्पट गोळ्या घेतल्यात का?" डॉ. इरावती सामंत म्हणाल्या. तालुक्याच्या रुग्णालयात त्या नव्याच आल्या होत्या, पण पेशंटचं ऐकून घ्यायच्या.

"भाऊ स्वतः मोजून देतो. डॉक्टर, आमच्या पाण्यातून येतंय ते."

डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?"

हेमलताला कळलं. त्यांच्या जागी ती असती तर तिनेही हेच विचारलं असतं. सगळ्या गावाच्या पाण्यात औषध आहे आणि ते फक्त मलाच दिसतंय, हे कुणी बोललं तर त्याला काय म्हणतात, ते तिला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. समुद्र बोलतो हेही एकेकाळी तिला असंच लख्ख पटलं होतं. परतताना बसमध्ये तिने स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, की बाई, तू पुन्हा आभाळाला चढते आहेस का?

पुरावा हवा होता, स्वतःसाठीच आधी. तिने ठरवलं, की मे महिन्यातल्या पुढच्या तपासणीआधी एकवीस दिवस गोळी घ्यायची नाही, पाणी मात्र नळाचंच प्यायचं. पाण्यात काही नसेल तर आकडा शून्यावर येईल आणि आपण वेड्या ठरू. गोळी जिभेखाली दाबून ठेवणं तिला येत होतं, सुरुवातीच्या वर्षांत तिने ते खूप केलं होतं आणि दादाच्या हातचा मारही खाल्ला होता. पहिल्या सकाळी ती घाबरली होती. दादा म्हणाला, "जीभ दाखव." तिने जीभ काढली. तो खिडकीबाहेर बघत होता. "बरं," म्हणाला आणि निघून गेला. सत्तावीस वर्षांत तो पहिल्यांदा न बघता गेला होता. हेमलता गोळी हातात घेऊन तिथेच रडली.

गोळ्या तिने बटणांच्या डबीत ठेवल्या. रोज किती तास झोपले ते कॅलेंडरवर लिहिलं. सहा, साडेसहा, सहा.

एकविसावा दिवस आला तो नेमका अळणीच्या तिसऱ्या दिवशी.

ही अळणी म्हणजे धाकट्या खारीचा जुना नेम. मे महिन्यात शेवटची मिठाची रास उचलली, की दुसऱ्या दिवसापासून सात दिवस गाव मीठ खात नाही. आठ महिने समुद्राकडून घेतलं, आता सात दिवस जिभेला लावायचं नाही, असा हिशोब. घराघरातली मिठाची बरणी पालथी घालतात. आजारी माणसाला सूट असते, पण त्याची अळणी बुडत नाही. घरातलं दुसरं कुणीतरी ती उसनी घेतं आणि आपले सात झाल्यावर त्याचे सात पाळतं. लिथियम चालू असेल तर मीठ तोडायचं नाही, असं डॉक्टरांनी हेमलताला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हापासून तिची अळणी जनार्दन पाळत आला होता. दरवर्षी चौदा दिवस, भर उन्हात, एका शब्दाने न बोलता. एरवी कशावरूनही खेकसणारा हा माणूस त्यावर मात्र कधी बोलला नव्हता.

रुग्णालयात आकडा आला शून्य पूर्णांक आठ.

डॉ. सामंतांनी तो दोनदा पाहिला. मग हेमलताने पिशवीतून डबी काढून टेबलावर उपडी केली. बेचाळीस गोळ्या.

"या गोळ्या तुम्ही घरच्या जुन्या साठ्यातूनही आणू शकता," डॉक्टर म्हणाल्या, पण आवाज बदलला होता. "मी तुमच्यावर विश्वास ठेवते असं समजा. पाण्याचा नमुना आणलाय?"

तिने बाटली पुढे केली.

"आमच्याकडचं यंत्र रक्ताचं आहे. पाणी जिल्ह्याला पाठवावं लागेल. आठ दिवस." त्यांनी तिथूनच प्रकल्पाला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, मीटर हिरवा आहे. फोन ठेवून डॉक्टर म्हणाल्या, "मीटर सगळे क्षार एकत्र मोजतो. त्यातला कोणता किती, ते त्याला कळत नाही. लिथियमची नळी कुठे गळत असेल, तर लिथियम गोड्या पाण्यात उतरेल, पण क्षारांची बेरीज थोडीच वाढेल आणि मीटर हिरवाच राहील. या उन्हात दिवसाला पाच-सहा लिटर पिणाऱ्या माणसाच्या पोटात तुमच्या दोन गोळ्यांइतकं जात असणार."

"डॉक्टर, गावात अळणी चालू आहे."

डॉ. सामंत या भागातल्या नव्हत्या. हेमलताने नेम समजावून सांगितला तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. कारण साधं आहे, आणि हेमलताला ते सत्तावीस वर्षं पाठ होतं. लिथियम आणि मिठातलं सोडियम ही एकाच कुळातली भावंडं. मेंदूच्या पेशीत लिथियम शिरतं ते सोडियमच्याच दाराने. आत जाऊन ते पेशींची आपापसातली धावपळ मंद करतं. नेमकं कसं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. मूत्रपिंडालाही ही भावंडं नीट वेगळी ओळखता येत नाहीत. अंगात मीठ भरपूर असेल तर मूत्रपिंड दोघांनाही बाहेर सोडतं. मीठ तुटलं, वरून घाम गेला, की ते घाबरून असेल ते धरून ठेवतं, आणि सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं. आकडा एकाचा दीड होतो, दीडचा दोन. आधी हात थरथरतात, मग बोलणं जड होतं, मग तोल जातो, मग शुद्ध.

"तुमचा भाऊ काही औषधं घेतो?"

"रक्तदाबाची गोळी. लघवीवाटे मीठ काढणारी."

"त्याला आजच इथे आणा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुम्ही तर परत जाऊच नका. मी तुम्हाला दाखल करून घेते."

"मी नाही गेले तर त्याला कोण आणणार?" हेमलता म्हणाली. तिने बसस्थानकावरून विकतच्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या, उचलता आल्या तेवढ्या. आठ.

गावात पोचली तेव्हा गावदेवीच्या पटांगणात तिसऱ्या दिवसाचं गावजेवण शिजत होतं. मोठ्या पातेल्यात वालांचं अळणी बिरडं, शेजारी नळाच्या पाण्याच्या घागरी. हेमलताने पिशवी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. कागद दाखवला. गोळ्या दाखवल्या. कुणी मध्ये बोललं नाही, कुणी हसलं नाही. शंभर माणसं शांतपणे ऐकत राहिली.

सरपंच भगवान म्हणाला, "मीटर हिरवा हाय ना पण."

तिने मीटरचं समजावलं.

"बरं," भगवान म्हणाला. आणि वाढप्याला म्हणाला, "पानं मांडा."

हेमलताने पदराखालची मिठाची पुडी फोडली आणि मूठ भरून पातेल्यात टाकली. मग दुसरी मूठ. अळणीत शिजत्या अन्नात मीठ टाकणं हे धाकट्या खारीत कुणी ऐकलंही नव्हतं. वीस वर्षांपूर्वी तिला झाडाला बांधलं असतं. मागच्या वर्षीसुद्धा यमूने तिच्या झिंज्या धरल्या असत्या. ती डोळे मिटून उभी राहिली, त्या झिंज्या धरणाऱ्या हाताची वाट बघत. तो हात आलाच नाही.

"आता हे सांडावं लागल," यमू म्हणाली. आवाजात राग नव्हता, कंटाळाही नव्हता. दोघांनी पातेलं उचललं. त्यांचे हात थरथरत होते, त्यामुळे निम्मं वाटेतच सांडलं. पातेलं विसळलं, नळाला लावलं, पुन्हा चुलीवर चढवलं. हिरवा दिवा चालू होता. हेमलताला इतकी भीती तिच्या सगळ्यात वाईट दिवसांतही वाटली नव्हती.

जनार्दन तिला हाताला धरून घरी घेऊन आला. उंबरठ्यावर त्याचा तोल गेला, तिने सावरलं. तो पायरीवर बसला आणि बटणांची डबी मांडीवर घेऊन गोळ्या मोजत राहिला. दोनदा चुकला.

"तू मला फसवलंस, हेमा."

"तुझ्यासाठी, दादा. तुला दिसत नाय का? तुझी जीभ जड झालेय. चल माझ्याबरोबर तालुक्याला."

"अळणी झाल्यावर येतो. माझे सात, मग तुझे सात."

"तोवर तू राहायचा नायस."

तो तिच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर तीच गुळगुळीत शांतता, पण तिच्याखाली कुठेतरी तिचा दादा होता, कारण डोळ्यांत पाणी होतं. "तू गोळ्या सोडल्यास," तो म्हणाला. "मला त्या भिंती आठवतात गो. त्याच्यानंतरचे चार महिने आठवतात. मी तुला कालवून भरवत होतो. तसं पुन्हा नको मला." आणि मग हळूहळू, एकेक शब्द शोधत, "तू गोळ्या घे. तू घेतल्यास तर तू सांगशील ते मी खाईन. मीठपण खाईन. पण माझी अळणी बुडता नाय कामा. घरात कुणीतरी पाळली पायजे."

हेमलताला सगळं एकदम कळलं. गोळ्या, वर नळाचं पाणी, वर अळणी. आणि बाटल्या आठच. तिने मनात गणित केलं आणि ते तिला आवडलं नाही. तालुक्याला डॉक्टरांचा पलंग रिकामा होता. शेवटची बस अजून गेली नव्हती.

पण सत्तावीस वर्षं, दरवर्षी सात दिवस, या माणसाने तिच्या वाटणीचं अळणी गिळलं होतं.

"मी पाळते," ती म्हणाली. "या वर्षी तुझी मी घेतली उसनी."

जनार्दनने दोन गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या, नळाच्या पाण्याचा पेला दिला. तिने गिळल्या.

"जीभ दाखव."

तिने दाखवली. या वेळी त्याने नीट बघितलं, बोट घालून बघितलं.

तिने पालथी बरणी सरळ केली. बाटलीतलं पाणी घालून त्याच्यासाठी पेज शिजवली, मूठभर मीठ घातलं आणि समोर बसून वाटीभर खायला लावली. रक्तदाबाची गोळी तिने चुलीत टाकली. स्वतः चुलीच्या दुसऱ्या बाजूला अळणी भात खाल्ला. त्याने तिच्या भाताचं शीत उचलून चाखलं, खरंच अळणी आहे का ते बघायला. फसवणूक एकदा झाली होती, दुसऱ्यांदा तो होऊ देणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी भगवान वाफ्यात कोसळला. गाडीत घालून कुठल्याशा खासगी दवाखान्यात नेला. ऊन लागलं, म्हणाले. तिसऱ्या दिवशी यमूची सासू आणि आणखी तिघं. तेही ऊनच. हेमलताने डॉ. सामंतांना फोन लावला, पण फोनवर बोटं नीट पडेनात, आणि लागला तेव्हा तिचं बोलणं पलीकडे समजेना. "पुन्हा सांगा, हेमलताताई," डॉक्टर म्हणत होत्या, "तुम्ही मीठ खाताय ना? हेमलताताई?" तिने फोन ठेवला. तहान फार लागली होती. ती नळाचं पाणी पीत राहिली.

दादा मात्र त्या दिवशी चहा न सांडता प्यायला. तिने ते कोपऱ्यातून पाहिलं.

चौथ्या सकाळी तिला जाग आली ती आवाजाने. आधी तिला वाटलं, भास होतोय. जनार्दन स्वयंपाकघरात उभा होता, हातात पेजेची वाटी, आणि गावभर ऐकू जाईल असा ओरडत होता.

"खारट आग केलंयस गो हे! अक्कल गहाण टाकलेस का? माणूस खाणार का गुरं? तीन दिवस गप्प खाल्लं म्हणून काय कायपण घालशील?"

हेमलता भिंतीला टेकून बसली आणि ऐकत राहिली. इतकं गोड तिने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. ओरड, तिला म्हणायचं होतं, ओरड दादा, अजून ओरड. शब्द तोंडात आले आणि तिथेच राहिले. तिने हसायचा प्रयत्न केला. ओठाची एक बाजू तेवढी हलली.

जनार्दन थांबला. त्याने वाटी खाली ठेवली. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिच्याकडे खरोखर बघितलं. तिचे हात बघितले, मांडीवर उड्या मारत असलेले.

"हेमा," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. "जीभ दाखव."

तिने तोंड उघडलं. जीभ बाहेर येईना.

मग तो धावला. तिला त्याच्या पायांचा आवाज ऐकू आला, दार आपटल्याचा ऐकू आला, आणि मग त्याचा तो जुना आवाज, तीन वाफे ओलांडून जाणारा. धावा रे, गाडी आणा, माझी बहीण मरतेय, पाणी पिऊ नका रे ते, अरे कुणीतरी हला. उघड्या दारातून तिला नळावरची रांग दिसत होती. यमू होती, भगवानची बायको होती, निम्मं गाव होतं. सगळ्यांनी वळून जनार्दनकडे पाहिलं. त्याचं ओरडणं संपेपर्यंत सगळे शांतपणे ऐकत राहिले.

मग रांग एका घागरीने पुढे सरकली.